नदीकाठची वेगवान रेल्वे: दर १५ किमीला स्टेशन असेल तर ३५०चा वेग वापरायचा कुठे?

खाडीपल्याड_डोंबिवली (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. चीनमधल्या शांघाय–नानजिंग आंतरशहरी रेल्वेबद्दल एक शंका आहे. लांबी ३०१ किमी, सुरू झाली १ जुलै २०१० रोजी, वेग ३५० किमी प्रतितास. यांगत्से नदीच्या दक्षिण अंगाने शांघाय, कुनशान, सुझौ, वुशी, चांगझौ, झेनज्यांग, नानजिंग अशी शहरं ओवत ती जाते. स्टेशनं वीसच्या आसपास, म्हणजे सरासरी १५ किमीला एक. आपल्या मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर ५०८ किमीत १२ स्टेशनं, म्हणजे ४६ किमीला एक.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, एवढ्या जवळजवळच्या स्टेशनांवर गाडी ३०० च्या पुढे जाते तरी कधी? दुसरी, तो सगळा नदीने आणून टाकलेला गाळ आहे, त्यावर खडीशिवायचा काँक्रीटचा रूळमार्ग वर्षानुवर्षं सरळ कसा राहतो? तिसरी आपल्या दारातली: ठाणे–कल्याण–बदलापूर–कर्जत हा उल्हास नदीच्या काठचा पट्टा शहरांनी असाच भरलाय. इथे त्या धर्तीची लाइन टाकली तर काय हाती लागेल? आकड्यांसकट उत्तर मिळालं तर बरं होईल.

वेळापत्रक_वेडा

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी तिथे ३०० ला पोचतच नाही. हिशेब मांडतो, म्हणजे तुम्हाला कुठल्याही मार्गाला लावता येईल.

३०० किमी प्रतितास म्हणजे सेकंदाला ८३.३ मीटर. वेगवान गाड्या सुटताना सेकंदाला साधारण अर्धा मीटर प्रतिसेकंद या दराने वेग घेतात, पण वेग वाढला की मोटरची ताकद हवेचा अडथळा कापण्यात जाते आणि हा दर घसरतो. म्हणून शून्य ते ३०० पर्यंतची सरासरी ०.३ धरा. वेग घ्यायला २७८ सेकंद आणि ११.६ किमी लागतात. ब्रेकसाठी प्रवाशांना सोसवेल असा ०.५ चा दर धरला तर १६७ सेकंद आणि ७ किमी. एकूण साडेअठरा किमी. स्टेशनांमधलं अंतर याहून कमी असेल तर गाडी ३०० ला टेकायच्या आधीच मोटरमनला ब्रेक लावावा लागतो.

१५ किमीच्या टप्प्यात जास्तीत जास्त वेग २७० निघतो, तोही क्षणभरच. टप्पा पार करायला ४०० सेकंद, थांबा दीड मिनिट धरला तर एकूण ४९० सेकंद. सरासरी पडते फक्त ११० किमी प्रतितास! असे वीस टप्पे केले की शांघाय ते नानजिंग पावणेतीन तास.

आता हाच टप्पा २०० च्या गाडीने करून बघा. वरचा वेग कमी असल्यामुळे तिची सरासरी ०.४ धरता येते. वेग घ्यायला १३९ सेकंद, ब्रेकला १११, मधले ८ किमी पूर्ण वेगात १४५ सेकंद. बेरीज ३९५. म्हणजे २०० ची गाडी ३०० च्या गाडीच्या बरोबरीने पोचते, आणि वीज कितीतरी कमी खाते. हा आकडा मला या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेगाच्या मोठ्या आकड्यावर बोलणारे बहुतेक लोक स्टेशनांमधलं अंतर विचारतच नाहीत.

मग तिथे करतात काय? आपल्या सेमी-फास्टसारखं. एक गाडी सुझौ आणि चांगझौ घेते, दुसरी कुनशान आणि वुशी. सगळीकडे थांबणाऱ्या गाड्या जवळजवळ नसतातच. मार्ग सुरू झाला तेव्हा सर्वांत जलद गाडी ७३ मिनिटांत जायची, सरासरी २४७. (२०११ मध्ये या मार्गावरची ३५० ची मर्यादा ३०० वर आणली, तेव्हा पुढचे हिशेब ३०० नेच करू.) पूर्ण वेगातून एक थांबा घ्यायचा तर वाया जाणारी वेळ २२२ सेकंद अधिक दीड मिनिट, म्हणजे पाच मिनिटांहून थोडी जास्त. पाच थांबे घेतले की अर्धा तास गेला समजा.

सांधा_बदल

वरचा हिशेब बरोबर आहे, पण तो एकट्या गाडीचा झाला. खरी ओढाताण स्लो आणि फास्ट एकाच रुळावर आल्यावर होते. हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

वेगवान मार्गावर मधल्या स्टेशनाची ठरावीक रचना अशी: मधोमध दोन मेन लाइन, त्यांना फलाट नाही, आणि दोन्ही बाजूंना एकेक लूप, म्हणजे बाजूला वळणारा जादा रूळ, फलाट लूपवर. थांबणारी गाडी सांधा (एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी यंत्रणा) बदलून लूपला लागते आणि जलद गाडी मधून सरळ निघून जाते. चीनमध्ये या जागी बहुतेक ठिकाणी १८ नंबरचा सांधा असतो. सरळ रेषेत ३५० चालतो, वळत्या बाजूला ८० च. म्हणजे गाडीने मेन लाइनवर असतानाच ३०० वरून ८० पर्यंत यायचं, आणि शेवटचा डबा सांधा ओलांडेपर्यंत मागची गाडी अडकलेली. वळत्या बाजूला १६० देणारा ४२ नंबरचा सांधाही आहे, पण तो फार लांब होतो, त्याला चालवायला मोटरी जास्त लागतात, देखभालही तेवढीच वाढते. तो मार्ग जिथे फुटतो तिथे वापरतात, प्रत्येक स्टेशनात नाही.

दोन गाड्यांत तीन मिनिटांचं अंतर धरा. जलद गाडी पुढे काढायची तर थांबलेली गाडी तिच्या तीन मिनिटं आधी लूपला लागली पाहिजे आणि तीन मिनिटांनंतर सुटली पाहिजे. दीड मिनिटाचा थांबा सहा-सात मिनिटांचा होतो. मुंबई–अहमदाबादच्या मूळ आराखड्यातले आकडे बघा: मोजके थांबे घेणारी गाडी २ तास ७ मिनिटं, सगळे थांबे घेणारी २ तास ५८ मिनिटं. फरक ५१ मिनिटांचा. जलद गाडीचे सात-आठ थांबे वाचतात असं धरलं तर थांब्यामागे साडेसहा-सात मिनिटं येतात. 'वेळापत्रक_वेडा' यांच्या पाच मिनिटांवरची जी भर आहे ती मी वाट बघण्याच्या खात्यात टाकेन.

यांगत्सेच्या काठी यावर उपाय केला तो सरळ मार्गच वाढवण्याचा. ३० जून २०११ ला बीजिंग–शांघाय हा १,३१८ किमीचा मार्ग सुरू झाला. नानजिंग ते शांघाय तो जवळजवळ समांतरच धावतो. लांबच्या गाड्या तिकडे गेल्या, आंतरशहरी मार्ग जवळच्या प्रवाशांना मोकळा झाला. २८ सप्टेंबर २०२३ ला पूर्वेकडच्या भागात नदीच्या आणखी जवळून जाणारा तिसरा मार्ग आला: २७९ किमी, ३५० चा वेग, पण स्टेशनं आठच. जुरोंग, जिनतान, वुजिन, जियांगयिन, झांगजियागांग, चांगशू, ताईत्सांग आणि टोकाला नानजिंग दक्षिण. आठ स्टेशनं म्हणजे टप्पा ४० किमीच्या आसपास, तिथे ३५० ला अर्थ आहे.

आपल्याकडे ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली तिच्यामागेही हेच गणित आहे. लांब पल्ल्याची गाडी आणि लोकल वेगळी केल्याशिवाय दोन्हींना न्याय मिळत नाही.

पाया_पक्का

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा, त्यामुळे जरा लांबेल.

खडीवरचा रूळ दोन-चार सेंटिमीटर बसला तर टॅम्पिंग मशीन रात्रीत खडी कुटून तो उचलते. काँक्रीट स्लॅबवर ही सोय नाही. उंची जुळवायची जागा एकच, रूळ धरणाऱ्या फास्टनरखालच्या पट्ट्या. नेहमीच्या वापरातल्या फास्टनरमध्ये वर उचलायला साधारण २६ मिमी आणि खाली घ्यायला ४ मिमी एवढीच मुभा मिळते. मार्गाचं सगळं आयुष्य या ३० मिमीत काढायचं. म्हणून चिनी नियमात मातीच्या भरावासाठी बांधकामानंतर जमीन बसण्याची मर्यादा १५ मिमी. पुलाच्या खांबाला एकूण २० मिमी चालतात, पण शेजारच्या दोन खांबांत फरक ५ मिमीच्या आत हवा. प्रवाशाला पोटात जाणवतो तो हा फरकच. सगळा मार्ग एकसारखा बसला तर कुणाला कळणारही नाही.

गाळाच्या जमिनीत हे साधायचं तर भराव टाळणं बरं. बीजिंग–शांघाय मार्गावरचा दानयांग–कुनशान पूल १६४.८ किमी लांब आहे, जगातला सर्वांत लांब. तो एखादी मोठी नदी ओलांडायला बांधलेला नाही. भातशेती, तळी, कालवे आणि मऊ चिखल यांच्यावरून जातो इतकंच. ३२ मीटरचे ठरावीक गाळे (दोन खांबांमधली अंतरं), प्रत्येक बॉक्स गर्डर, म्हणजे पोकळ काँक्रीटची तुळई, कास्टिंग यार्डात ओतायचा आणि ९०० टन पेलणाऱ्या लाँचिंग गँट्रीने खांबांवर नेऊन ठेवायचा. असे पाच हजारांच्या घरात गाळे. खालची पाइल (जमिनीत खोल उतरवलेला खांब) चिखल भेदून पार घट्ट थरापर्यंत. पूल महाग पडतो खरा, पण भरावाला रुंद पाया लागतो, म्हणजे जमीन जास्त जाते. वर तो बसेल किती याचा भरवसा नाही.

जिथे भराव घालावाच लागतो तिथे खाली सिमेंट-राख-खडीच्या किंवा पोकळ काँक्रीटच्या पाइल, वर जाळीची गादी, मग थराथराने भराव. काम संपल्यावर किमान सहा महिने नुसतं मोजत बसायचं. वेळेच्या आलेखावर रेघ आडवी झाल्याशिवाय स्लॅब टाकायची परवानगी नाही. घाई केली की चूक इथेच होते, आणि ती दुरुस्त करायला नंतर रात्रीचे चार-पाच तासच मिळतात.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे पूल संपून भराव सुरू होतो तो सांधा. पूल घट्ट पाइलवर, भराव जमिनीवर, दोघांचं बसणं वेगळं. म्हणून पुलामागे निदान २० मीटर लांबीची पाचर भरतात, ३ ते ५ टक्के सिमेंट मिसळलेल्या खडीची. कडकपणा एकदम न बदलता उतरत जातो. ही पाचर नीट दाबली गेली नाही, किंवा तिच्यात पाणी मुरलं, तर दोन पावसाळ्यांत तिथे खड्डा जाणवायला लागतो.

आणखी एक कारण, जे रुळाच्या माणसांच्या हातातच नाही: भूजल. सुझौ–वुशी–चांगझौ पट्ट्यात कारखान्यांनी खोल विहिरींतून इतकं पाणी उपसलं की जमीनच खचत गेली. जियांगसू प्रांताने २००० मध्ये खोल उपशावर बंदी ठरवली आणि २००५ च्या अखेरीपर्यंत ती पूर्ण लागू केली. रेल्वे त्यानंतर आली. उपसा चालू असता तर १५ मिमीच्या मर्यादेला काहीच अर्थ उरला नसता. आजही मार्गाशेजारी खोल तळघर खणताना पाणी उपसलं तर खांब त्या बाजूला झुकू शकतो. म्हणून लाइनच्या दोन्ही बाजूंना संरक्षित पट्टा ठेवतात आणि त्यातल्या खोदकामावर नजर असते.

खाडीपल्याड_डोंबिवली

फारच छान माहिती. एक उपप्रश्न: सगळं करूनही ३० मिमी संपले तर? आणि आपल्या मार्गालाही हेच नियम लागतात का?

पाया_पक्का

पुलावर संपले तर बेअरिंग, म्हणजे खांबावर गर्डर ज्यावर टेकतो ते. जॅक लावून गर्डर काही मिलिमीटर उचलायचा, बेअरिंगखाली पट्टी सारायची, पुन्हा टेकवायचा. भरावावर संपले तर स्लॅबखाली भोकं पाडून दाबाने रेझिन किंवा ग्राउट सोडून स्लॅब उचलतात. ते काम डोळ्यांत तेल घालून करावं लागतं, कारण एकदा जास्त उचललेली स्लॅब खाली बसवता येत नाही.

मुंबई–अहमदाबादवर जपानी पद्धतीची स्लॅब आहे. खाली आरसीसीचा थर, त्यावर सिमेंट-डांबर मॉर्टर, वर तयार स्लॅब ४.९ मीटर लांब, २.२ मीटर रुंद, १९० मिमी जाड, वजन ३.९ टन, आणि मग फास्टनर. मॉर्टरचा थर गादीसारखा काम करतो. कडेने पाणी शिरून तो झिजला तर स्लॅब गाडीखाली हलायला लागते, म्हणून पावसाळ्यानंतर त्याच्या कडा तपासायच्या. गर्डर ४० मीटरचे, ९७० टनांचे.

आपल्या जमिनीचं दुखणं मात्र वेगळं आहे. यांगत्सेचा मार्ग नदीच्या कडेने जातो, आपला नद्या आडव्या कापत जातो. वाटेतल्या बहुतेक नद्या पश्चिमेला समुद्राकडे धावतात आणि मार्ग दक्षिण-उत्तर. म्हणून ५०८ किमीत दोन डझनांच्या आसपास नदी-पूल. महाराष्ट्रात वैतरणेवरचा २.३२ किमीचा पूल सर्वांत लांब. नर्मदेवर १.४ किमीचा पूल विहीर-पायांवर (विहिरीसारखे खोल उतरवलेले काँक्रीटचे पाये), त्यातल्या काही विहिरी ७० मीटरहून खोल. तिथे काळजी खचण्याइतकीच पुरात तळाची वाळू वाहून जाण्याची असते. पाया उघडा पडला तर वरचा मिलिमीटरचा हिशेब व्यर्थ. आपल्या बाजूला खाडीचा चिखल संपला की बेसॉल्ट लवकर लागतो, ही मोठी सोय आहे.

ओएचई_पंचवीस_केव्ही

रुळाबद्दल एक भर. जोडलेल्या लांब रुळाला उन्हात वाढायला जागा नसते, वाढ सगळी दाबात जाते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात तापमान एक अंशाने बदललं की सुमारे १.९ टन बळ. रूळ ज्या तापमानाला बांधला त्याहून ३० अंश तापला तर एकेका रुळात ५७ टन. खालचा ४० मीटरचा गर्डर त्याच फरकात १२ मिमी सरकतो, रूळ मात्र जागेवर. ही ओढाताण फास्टनरच्या पकडीवर येते. त्यामुळे पुलावर पकड मुद्दाम हिशेबाने ठेवतात, आणि लांब पोलादी गाळ्यांवर रुळालाच सरकता सांधा देतात.

विजेचंही थोडक्यात. दर ठरावीक अंतरावर २५ केव्हीची फेज बदलते, तिथे न्यूट्रल सेक्शन. गाडी काही क्षण विजेशिवाय घरंगळते. हा तुकडा स्टेशनातून बाहेर पडतानाच्या पहिल्या पाच-सात किमीत आला तर ऐन वेग घेताना ताकद जाते. जवळजवळ स्टेशनं असलेल्या मार्गावर याची जागा ठरवणं डोकेदुखी असते, कारण मोकळा तुकडाच सापडत नाही.

वेळापत्रक_वेडा

आता तिसरा प्रश्न, उल्हासचा काठ. सीएसएमटीपासून ठाणे ३४, कल्याण ५४, बदलापूर ६८, कर्जत १०० किमी. म्हणजे टप्पे २०, १४ आणि ३२, एकूण ६६ किमी.

३०० ची गाडी: ६६ किमी पूर्ण वेगात १३.२ मिनिटं, तीन टप्प्यांत वेग घेणं-सोडणं ११ मिनिटं, मधले दोन थांबे ३ मिनिटं. साधारण २७ मिनिटं.

१६० ची गाडी: हलकी, मोटर असलेले डबे जास्त, वेग घेण्याची सरासरी ०.६, ब्रेक ०.७. पूर्ण वेगात पावणेपंचवीस मिनिटं, वेग घेणं-सोडणं टप्प्यामागे ६९ सेकंद, थांबा ४० सेकंदांचा कारण दारं जास्त आणि रुंद. एकूण साडेएकोणतीस.

वाचतात अडीच मिनिटं. त्यासाठी वळणाची त्रिज्या काही पट मोठी हवी, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरसारख्या दाट वस्तीतून सरळ पट्टा कापायचा. मला हे पटत नाही. दिल्ली–मेरठ नमो भारत मार्गाने १६० निवडला तो विचार बरोबर होता: ८२ किमी लांबी, ५ ते १० किमीला स्टेशन, गाडीची क्षमता १८० ची पण चालवायची १६० ने. गंगा-यमुनेच्या दुआबात तेही गाळावरच आहेत. १६० ला थांब्याची किंमत दोन मिनिटांच्या आत राहते, त्यामुळे अंबरनाथला थांबा वाढवला तरी कर्जतचा प्रवासी ओरडणार नाही.

मोरी_आणि_पूर

उल्हासच्या बाबतीत उंचीकडे लक्ष हवं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराने वेढली गेली, हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. नदीच्या कडेने भराव घातला की तो बांधासारखा वागतो. डोंगराकडचे नाले नदीला मिळायला निघतात आणि भरावाला अडतात. मोऱ्या ठेवतात, पण त्या झाडोऱ्याने आणि प्लास्टिकने तुंबतात, मग डोंगराच्या बाजूला तळं साचतं आणि भरावाची कड आतून भिजून सुटते. नदी वरून चढते ते वेगळंच. म्हणून या पट्ट्यात नवीन लाइन खांबांवरच हवी, आणि सबस्टेशन, सिग्नलच्या खोल्याही पूररेषेच्या वर. खांबांवर गाडी सुरक्षित आणि वीज-सिग्नल पाण्यात, असं झालं तरी गाडी बंदच.

खांबांवर गेलात की वारा मोजावा लागतो. मुंबई–अहमदाबाद मार्गावर त्यासाठी १४ ठिकाणी वारामापक ठेवण्याचं ठरलं आहे, वारा ताशी ७२ किमीच्या पुढे गेला की टप्प्याटप्प्याने गाडीचा वेग कमी करायचा.

सांधा_बदल

एक मुद्दा राहिला, आणि डोंबिवलीकरासाठी तो सगळ्यात जवळचा आहे. शांघाय–नानजिंग आंतरशहरी मार्ग सुझौ, वुशी, चांगझौमध्ये जुन्या, शहराच्या मध्यावरच्या स्टेशनांना लागतो. शेजारचा बीजिंग–शांघाय मार्ग मात्र सुझौ उत्तर, वुशी पूर्व, चांगझौ उत्तर अशा गावाबाहेरच्या स्टेशनांवर. लांबून येणाऱ्याला त्याचं फारसं वाटत नाही, पण ४० मिनिटांच्या प्रवासाला स्टेशन गाठायलाच अर्धा तास लागला तर तो माणूस गाडीकडे फिरकत नाही.

आपलं वेगवान मार्गाचं 'ठाणे' म्हणजे दिव्याजवळचं म्हातार्डी. तुम्हाला डोंबिवलीहून ते ठाणे शहरापेक्षा जवळ, पण घोडबंदरच्या माणसाला लांब. उल्हासच्या लाइनचा आराखडा कधी आला तर पहिल्या पानावरचा वेग नंतर वाचा. आधी कल्याणचं स्टेशन नेमकं कुठे दाखवलंय आणि सध्याच्या फलाटावरून तिथे चालत किती मिनिटं लागतात ते बघा. दहा मिनिटांच्या वर असेल तर १६० आणि ३०० मधला अडीच मिनिटांचा फरक जिन्यातच संपला.

खाडीपल्याड_डोंबिवली

सर्वांचे मनापासून आभार. १५ किमीचा हिशेब कोपर, दिवा, कल्याण धरून पुन्हा करतोय. थांबा ४० सेकंदांचा धरला आहे, पण गर्दीच्या वेळी तो खरंच तेवढ्यात आटपतो का, हे दारांची रुंदी आणि डब्यामागे किती दारं यावरून काढता येईल का?

वेळापत्रक_वेडा

येईल. १.३ मीटरच्या दारातून दोन माणसं शेजारी जातात, दारामागे सेकंदाला साधारण एक माणूस धरा. डब्याला एका बाजूला तीन दारं आणि डब्यातून २५ उतरणारे, २५ चढणारे असतील तर १७ सेकंद. दारं उघडणं-मिटणं आणि सुटण्याचा इशारा मिळून १० ते १२. त्यामुळे ४० त बसतं. तीच गर्दी एका दारावर एकवटली तर ५० सेकंद नुसत्या चढ-उतारालाच जातात. तेव्हा जिना फलाटाच्या एका टोकाला एकच आहे की मध्ये दोन आहेत, हे आराखड्यात आधी बघा.